चौकटची दुर्री

शामराव तांब्यांच्या हृदयाची एक झडप आखडली आहे, ती बदलावी लागेल आणि हे काम दिवाळीच्या आत उरकलेलं बरं, असं परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शामरावांनी एकच प्रश्न विचारला, "यंदा दिवाळी कधी आहे?" डॉक्टर हसले. मुलगा धम्मपाल आणि सून आकांक्षा यांनाही हसावं लागलं. पेशंट खेळीमेळीत आहे, म्हणजे अर्धी लढाई जिंकली, असं डॉक्टर म्हणाले. उरलेली अर्धी कुठे आणि कशी हरली जाणार आहे याची त्या खोलीत फक्त एकाच माणसाला कल्पना होती.

घरी आल्यावर शामरावांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि जाहीर केलं, "माझा पेशन्स सुटला की करू ऑपरेशन."

पेशन्स म्हणजे एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव. पानांचे सात ढीग मांडायचे, प्रत्येकाचं वरचं पान उघडं, खालची पालथी. हातातल्या कॅटमधून तीन-तीन पानं उलटत जायची. लालवर काळं, काळ्यावर लाल, असं उतरत्या क्रमाने लावायचं. एक्के निघाले की ते वर मांडून त्यांच्यावर दुर्री, तिर्री असे राजापर्यंत चढवायचे. चारही रंग चढले की डाव सुटला. गिरणी बंद पडल्यापासून शामराव हा खेळ खेळत आले होते आणि एरवी त्यांचे दिवसाला आठ-दहा डाव होत. पण ऑपरेशनच्या डावाला त्यांनी नियम घातला. चारचा चहा झाल्यावर रोज एकच डाव. "दोन खेळलो तर तो हट्ट झाला," ते म्हणाले. "एक खेळलो तर तो निर्णय."

"आबा, हे शकुन बघण्यासारखं झालं," आकांक्षा म्हणाली.

शामराव दुखावले. चाळीस वर्षं करी रोडच्या विहारात त्यांनी अंधश्रद्धेवर भाषणं दिली होती. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच रस्त्याने पुढे जात, आणि एकदा त्या नादात मांजराच्या अंगावर पाय पडून चावूनही घेतलं होतं. "शकुन नाही," ते म्हणाले. "माणसाला ठरवता येत नसेल तर त्याने काहीतरी रीत ठरवावी. ही माझी रीत."

पहिल्या दिवशी डाव सुटला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. विम्याची मंजुरी तीस दिवसांची होती. आकांक्षाने ती फायलीत लावून वर लाल स्केचपेनने शेवटची तारीख लिहिली होती. ती शाळेत शिकवते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक संकटाला ती आधी कव्हर घालते.

बातमी इमारतीत कशी पसरली ते सांगायला नको. नवव्या मजल्यावर कुशाबा राहतात. ते आणि शामराव एकाच गिरणीत, एकाच पाळीला होते. ते कुणाला काही सांगत नाहीत, फक्त लिफ्टमध्ये स्वतःशी मोठ्याने बोलतात. चार दिवसांत अशी वेळ आली की धम्मपाल ऑफिसला निघाला की बाराव्या मजल्यापासून तळापर्यंत प्रत्येक जण विचारू लागला, "सुटला का?"

समोरच्या दाराच्या कांताताई थेट उपायच घेऊन आल्या. "अरे धम्मा, ते पत्ते बदल आधी. त्या पत्त्यांका दिष्ट लागली हा. माझ्या भावाचा केस असाच अडकला होता कोर्टात, वकील बदललो आणि सुटलो."

"कांताताई, आबांना दृष्ट-बिष्ट चालत नाही."

"त्यांका कित्याक सांगतंस? पत्ते बदलतंस तो तू."

धम्मपालने नवा कॅट आणला. शामरावांनी तो कौतुकाने हाताळला, गुळगुळीत आहे म्हणाले, आणि त्यावरही हरले.

आता धम्मपालबद्दल थोडं सांगायला हवं. तो लोअर परळच्या एका कंपनीत रुग्णालयांसाठी नर्सच्या ड्यूट्यांचे तक्ते करणारं सॉफ्टवेअर लिहितो. हे काम अवघड आहे. एका बाईने लागोपाठ दोन रात्रपाळ्या करायच्या नाहीत, दुसरीला गुरुवारी उपास, तिसरी आणि चौथी एका वॉर्डात ठेवायच्या नाहीत, अशा तीनशे अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. या शास्त्राला कॉन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग म्हणतात. इमारतीत मात्र "धम्मा टाइमटेबल बनवतो" एवढंच ठाऊक होतं, आणि तो ते अठरा वर्षं मनात ठेवून होता.

"यात कंप्युटरला काम कसं करायचं ते सांगतच नाहीत," त्याने आकांक्षाला समजावलं. "काय चालणार नाही, तेवढं फक्त सांगायचं. उरेल ते उत्तर. आणि काहीच उरलं नाही, तर उत्तर नाही हेसुद्धा तो सिद्ध करून देतो."

"म्हणजे नवऱ्यासारखंच," आकांक्षा म्हणाली. "पण याचा आबांना काय उपयोग?"

उपयोग असा होता. पेशन्सचे काही डाव मुळातच सुटणारे नसतात. पानं पडली तेव्हाच ते हरलेले असतात, मग खेळणारा कितीही शहाणा असो. असला अशक्य डाव निर्णयासाठी मोजणं अन्यायाचं होतं, आणि अन्याय हा शब्द शामरावांपुढे उच्चारला की ते ऐकून घेतातच, हे धम्मपालला माहीत होतं. हरल्यावर अडकलेल्या डावाचा फोटो काढायचा, मग पालथी पानं उघडून सगळा डाव उतरवून घ्यायचा आणि प्रोग्रॅमला विचारायचं. डाव अशक्य निघाला, तर त्या दिवशी बदली डाव. शामरावांनी जरा विचार केला आणि युनियनच्या जुन्या सवयीने ही अट लेखी मागितली.

ऑफिसमुळे धम्मपाल चार वाजता घरी नसे, म्हणून फोटोचं आणि उतरवून घ्यायचं काम कांताताईंनी अंगावर घेतलं. त्या फोनवर पानं सांगत आणि धम्मपाल लिहून घेई. पहिल्याच दिवशी प्रोग्रॅमने निमिषार्धात कळवलं, उत्तर नाही. धम्मपालने विजयी मुद्रेने घरी फोन लावला. मग यादी पुन्हा वाचली, तर इस्पिकची सत्ती दोनदा होती आणि किलवरची नव्हतीच. "दोनीव काळीच मा?" कांताताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एकावन्न पानं भरली. बावन्नावं कांताताईंच्या मांडीखाली निघालं. तिसऱ्या दिवशी यादी बरोबर होती, पण प्रोग्रॅम सुरू झाला तो थांबेचना. पानाने कधी हलावं, कुठे जावं, त्याच्या डोक्यावरचं आधी निघालं पाहिजे, दुर्रीच्या आधी एक्का, अशा सगळ्या अटी मांडल्यावर शक्यता एवढ्या झाल्या की लॅपटॉपचा पंखा सोसायटीच्या पंपासारखा घुमू लागला. धम्मपालने नर्सच्या तक्त्यांचा ऑफिसातला मोठा संगणक त्या कामाला जुंपला. सोयीसाठी छापण्याचा नमुनाही तोच वापरला. पेशन्सचे ढीग सात आणि त्याच संगणकावर तक्ता चालू असलेल्या दादरच्या रुग्णालयाचे वॉर्डही सात, ही गोष्ट तेव्हा त्याला शुभ वाटली होती. बापासारखा तो अंधश्रद्धाविरोधी नव्हता, हे इथे कळून आलं.

शुक्रवारी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. दादरच्या रुग्णालयातल्या मेट्रन होत्या.

"तांबे, पुढच्या आठवड्याचा तक्ता तुम्हीच पाठवलाय ना? वॉर्ड चारला बदाम गुलाम कोण आहे? तो आमच्याकडे जॉइन झालेला नाही."

धम्मपालने पाठवलेली फाइल उघडली.

"आणि वॉर्ड दोनला इस्पिक राजा. पुरुष नर्स आम्ही महिलांच्या वॉर्डात देत नाही, हे तुम्हाला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. शिवाय आमची राणी साळवी रजेवर होती. यादीत चार ठिकाणी राणी बघून बिचारी गावाहून निघाली."

वरिष्ठ म्हणून धनेश नावाचा एक माणूस होता, धम्मपालपेक्षा अकरा वर्षांनी लहान. तो ओरडला नाही. त्याने एक फॉर्म पाठवला. झालेल्या चुकीचं मूळ शोधण्यासाठी पाच वेळा 'का?' विचारायचं आणि पाच चौकटी भरायच्या, असा तो फॉर्म होता. चुकीची फाइल का गेली? दोन फायली एका नमुन्यात होत्या म्हणून. तशा का होत्या? दुसरं एक काम त्याच संगणकावर चालू होतं. ते का? घरच्या लॅपटॉपला झेपेना. ते काम का काढलं? एक पत्त्यांचा डाव सुटतो का ते पाहायचं होतं. पाचव्या 'का'पाशी धम्मपालने लिहिलं, 'वडील ऑपरेशनला तयार होत नाहीत.' संध्याकाळी धनेशचं उत्तर आलं. फॉर्म मंजूर झाला होता. सोबत मन मोकळं करण्यासाठी एका हेल्पलाइनचा नंबर होता, सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच.

अपमान झाला, पण प्रोग्रॅम एव्हाना नीट चालू लागला होता. फोटो काढायला लागल्यापासून बदली धरून सतरा डाव झाले होते आणि शामराव सतराच्या सतरा हरले होते. कांताताईंनी सांगितलेले डाव धम्मपालने लिहून ठेवले होते, ते सगळे त्याने घातले. सतरापैकी चौदा सुटणारे निघाले.

रविवारी सकाळी त्याने हा हिशेब वडिलांपुढे ठेवला. सोबत प्रत्येक डावाच्या चाली छापून आणल्या होत्या. शामरावांनी चष्मा लावून तीन पानं वाचली.

"तुझ्या यंत्राला पालथी पानं दिसतात?"

"हो. सगळी आधी सांगावीच लागतात."

"मला दिसत नव्हती," शामराव म्हणाले आणि कागद परत केले.

पालथं पान कोणतं आहे हे ठाऊक असताना कुणीही शहाणा होतो. धम्मपालला स्वतःची लाज वाटली. बापाला न्याय द्यायला निघालेला तो बापालाच नापास करून बसला होता. दिवाळी बारा दिवसांवर आली होती. लिफ्टपर्यंतचा छोटा जिना अर्धा चढला की शामराव आता कठड्याला धरून उभे राहत आणि कुणी पाहिलंच तर भिंतीवरची सोसायटीची नोटीस वाचत असल्यासारखं करत.

म्हणून धम्मपालने ठरवलं की प्रश्न उचित रीतीने विचारायचा. आबा जिथे अडकले त्या फोटोतली मांडणी घ्यायची, फक्त उघडी पानं सांगायची आणि विचारायचं, इथून पुढची चाल कोणती? खेळणाऱ्याला जे दिसत होतं तेवढंच यंत्रालाही दिसेल.

प्रोग्रॅमने पहिल्या फोटोला उत्तर दिलं: चौकटची दुर्री एक्क्यावर ठेवा.

हे उत्तर इतकं बाळबोध होतं की धम्मपालने ते चुकीत धरलं. चौकटचा एक्का वर मांडलेला असताना उघडी दुर्री कुणी खाली ठेवत नाही. पहिलीतलं पोरही चढवतं. त्याने दुसरा फोटो घातला. किलवरचा गुलाम बदामाच्या राणीवर. तिसरा घातला. पुन्हा तसंच. सतरापैकी सोळा डावांत यंत्र अशीच एखादी ढळढळीत चाल सांगत होतं. धम्मपाल दोन दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधत राहिला. अटी तपासल्या, रंग तपासले, लाल आणि काळं उलटं झालंय का पाहिलं. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये डबा खाताना त्याने सहज पहिला फोटो मोठा करून पाहिला.

चौकटचा एक्का वर होता. दुर्री पाचव्या ढिगावर उघडी होती. दोन्हींमध्ये वीतभर अंतर होतं, आणि त्या अंतरात आबांचा अंगठा फोटोत आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. आकांक्षा शाळेत होती. चारला त्याने चहा केला आणि वडिलांच्या समोर बसला. शामरावांनी पत्ते पिसले, सात ढीग मांडले. सुरुवातीला ते भराभर खेळले. दोन एक्के निघाले. मग हातातल्या पानांतून किलवरची नव्वी आली. समोर बदामाची दश्शी उघडी होती. शामरावांचा हात थोडा पुढे आला, थांबला आणि त्यांनी पुढची तीन पानं उलटली.

"आबा, नव्वी बसत होती."

"कुठे?"

"दश्शीवर."

"दिसली नाही."

"तुम्ही इथून समोरच्या टॉवरच्या गच्चीवरचे कावळे मोजता."

शामरावांनी हातातली पानं खाली ठेवली. वाऱ्याने दोन पानं सरकली, ती त्यांनी परत जागेवर लावली.

"किती दिवसांपासून माहितेय तुला?"

"कालपासून. नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं, आबा! लोकांनी लिफ्टमध्ये माझं हसं केलं, ऑफिसात मी..."

"सरळ म्हणालो असतो तर तू ऐकलं असतंस?"

धम्मपालने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"आकांक्षाने फाइल केली, तिला कव्हर घातलं. तू डॉक्टरांना इंग्रजीत प्रश्न विचारलेस. एवढी तयारी बघितल्यावर माणूस नाही कसा म्हणेल? मला वाटलं, डाव सुटत नाही म्हटल्यावर तुम्हीच कंटाळाल. तू प्रोग्रॅम काढलास."

"डॉक्टर म्हणाले, केलं तर आठ-दहा वर्षं. नाही केलं तर वर्ष-दीड. तुम्हाला आकडा कळतो ना?"

"तुझ्या आईच्या वेळीपण आकडा सांगितला होता. हॉस्पिटलात तिचे हात बांधून ठेवायचे पलंगाला. नळ्या ओढून काढेल म्हणून. तू ऑफिसातून सातला पोचायचास, त्याच्या आधी सोडायचे. मी सांगायचो त्यांना सोडायला. तुला दिसू नये म्हणून."

धम्मपालला आईच्या मनगटावरचे वळ आठवले. सलाइनचे असतील असं तो तेव्हा धरून चालला होता. सात आठवडे तो रोज सातला पोचला होता आणि याचा त्याला थोडा अभिमानही होता.

"माझं तसं होईलच असं नाही, हे मला कळतं," शामराव म्हणाले. "शिकलेला नसलो तरी तेवढं कळतं. पण मला नको. मी घरी जिना चढताना दमेन. तेवढं चालेल मला."

धम्मपाल उठला, कप धुतले, धुतलेले कप परत धुतले. मग तो वडिलांवर चिडला, डॉक्टरांवर चिडला, कारण नसताना कांताताईंवर चिडला आणि खाली जाऊन भारतमाता टॉकीजपर्यंत चालून आला. ऑपरेशनच्या बाजूने त्याने मनात बावीस मुद्दे काढले. ते सगळे बरोबर होते. घरी येईपर्यंत त्यातला एकही आबांना सांगण्यासारखा उरला नाही.

आकांक्षाला कळलं तेव्हा ती आधी रडली, मग रागावली, आणि दोन दिवस सासऱ्यांशी फक्त भाजीबद्दल बोलली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "गोळ्या तरी वेळेवर घ्याल ना, आबा?" "घेईन," शामराव म्हणाले. तिने गोळ्यांचा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला.

मग तिघंही पुन्हा डॉक्टरांकडे गेली. शामराव स्वतः बोलले. नको आहे, एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी आकडे पुन्हा सांगितले, दुसरा मार्ग सांगितला, विचार बदलला तर लगेच या म्हणाले. मग पेन खाली ठेवून त्यांनी शामरावांचा हात हातात घेतला. ते नाडी पाहण्यासाठी नव्हतं.

विम्याच्या मंजुरीसोबत घेऊन ठेवलेली ऑपरेशनची तारीख मात्र रद्द करावी लागणार होती. नाही केली तर विम्याच्या नोंदीत शामराव भरतीच दिसत राहतील आणि पुढे साधा ताप आला तरी दुसरीकडे दाखल करता येणार नाही, कारण भरती असलेला माणूस पुन्हा भरती होत नाही. धम्मपाल एकटाच हॉस्पिटलात गेला. दोन खिडक्यांवरून परत पाठवला गेल्यावर तिसरीवर एक मुलगी भेटली. गळ्यातल्या ओळखपत्रावर ओवी असं नाव होतं.

"रद्द करण्याचं कारण, सर?"

"पेशंटची इच्छा नाही."

तिने पडद्यावर बोट फिरवलं. "तसं यात नाहीये. तीनच कारणं आहेत. पेशंट बरा झाला, पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला हलवला, किंवा..." तिने आवाज खाली आणला. "मयत."

"इतर असेल की खाली."

"इतर घेतलं तर सर्टिफिकेट लागतं. ते डॉक्टरांकडून, त्यावर अधीक्षकांची सही. अधीक्षक दिवाळीनंतर येतील."

"मॅडम, इथे चौथं कारण असायला हवं. ही यादी ज्याने केली त्याने विचारच केलेला नाही."

"सर, ती आम्ही नाही करत. बाहेरची कंपनी करून देते."

अठरा वर्षांत असल्या कितीतरी याद्या त्याने स्वतः करून दिल्या होत्या. तीन कारणं पुरतात, असं कुठल्याशा मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं असेल आणि त्याच्यासारख्याच कुणीतरी मान डोलावली असेल. मागे रांग वाढत होती. एक आजोबा व्हीलचेअरमध्ये झोपले होते.

"बरा झाला लिहा," तो म्हणाला.

ओवीने बटण दाबलं. छोटा कागद बाहेर आला, तो तिने दोन्ही हातांनी दिला आणि मनापासून हसली. "अभिनंदन, सर. दिवसभरात पहिलाच आहे हा. आजोबांना काळजी घ्यायला सांगा."

"सांगतो," धम्मपाल म्हणाला.

घरी शामराव खिडकीपाशी वाटाणे सोलत होते. आकांक्षाने दिले असावेत. म्हणजे अबोला मिटला होता. त्यांनी मान वर केली.

"झालं का काम? काय म्हणाले?"

धम्मपालने खिशातून कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही बरे झालात म्हणाले."

शामरावांनी चष्मा नाकावर सरकवून तो वरून खालपर्यंत वाचला, शिक्का पाहिला, उलटवून मागची बाजूही पाहिली.

"एवढ्या लवकर?" ते म्हणाले.

मग त्यांनी थोडं सरकून ताटलीच्या पलीकडे जागा केली. धम्मपाल खाली बसला आणि त्याने एक शेंग उचलली.